रक्ताची साक्ष

धर्मगुरूच्या हाताखालून जन्मभर कागद जात असतात. बाप्तिस्म्याची नोंदवही, विवाहाची नोंदवही, दफनभूमीची वही, शाळेचे दाखले, बिशपांच्या कार्यालयाकडे जाणारी वार्षिक विवरणपत्रे. शाईने लिहिलेले आणि शिक्का मारलेले जे असेल ते खरे मानावे, ही सवय आम्हांला सेमिनरीपासून जडलेली आहे. तोंडी साक्ष आणि लेखी साक्ष यांत विरोध आला तर आमचे पारडे नेहमी लेखीकडे झुकते. या सवयीने आमच्या हातून एक अन्याय घडला. तो कोणा परक्यावर नव्हे, आमच्याच धर्मग्रामातील एका सालस बाईवर घडला. त्या बाईच्या अनुमतीने, तिचे नाव न घेता, ती हकिकत येथे सांगत आहोत.

आमचा भाग चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या सीमेवरचा, वैनगंगेच्या काठचा. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होते. धान, मोह, तेंदूपत्ता आणि बांबू यांवर जगणारा हा मुलूख. येथे कोणी 'फार थकवा येतो' म्हटले की दवाखान्यात तीन गोष्टी आधी पाहतात: हिवताप, रक्तक्षय आणि सिकलसेल. गडचिरोलीत हिवतापाचे रुग्ण पुष्कळ सापडतात. सिकलसेलचे पट्टे तर दोन्ही जिल्ह्यांत घराघरांतून गेलेले आहेत. १९८० च्या दशकात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत या आजाराकडे लक्ष वेधले. आता १ जुलै २०२३ पासून देशपातळीवर त्याच्या निर्मूलनाची मोहीम चालू आहे. या तिहींच्या गर्दीत चौथा आजार सहज लपून राहतो.

आमच्या एका उपकेंद्राच्या गावी आमचे कॅटेकिस्ट राहतात. गाव त्यांना 'मास्तर' म्हणते, म्हणून त्यांची पत्नी ती मास्तरीणबाई. वय ३१, वजन जेमतेम ४५ किलो, एक सात वर्षांची मुलगी. एक गर्भ तिसऱ्या महिन्यात गेला होता. गायनवृंदात तिचा आवाज सर्वांत वरचा. तो हळूहळू घोगरा झाला. थंडीत सगळे एक शाल घेत तेथे ती दोन घेऊ लागली. केस गळू लागले, चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला, दुपारी बसल्या जागी डोळा लागू लागला. सासरच्या मंडळींनी निदान केले, 'आळस'. सिकलसेलची तपासणी झाली तेव्हा ती वाहक निघाली, आणि मग सर्वांनी मान डोलावली की हेच कारण. वास्तविक वाहकाला सहसा काही त्रास होत नाही. त्रास होतो तो दोन्ही आईबापांकडून दोष आलेल्या रुग्णाला. परंतु एक कागद हाती आला की माणूस दुसरा शोधत नाही. अशी दोन वर्षे गेली.

अखेर आमच्या दवाखान्यातील सिस्टरांना शंका आली. तालुक्याच्या गावी रक्त घेतले गेले, नमुना रात्रीच्या गाडीने नागपूरला गेला आणि अहवाल मोबाईलवर आला. टीएसएच ६८. कागदाच्या कडेला छापलेली नेहमीची मर्यादा साधारण ०.४ ते ४. मास्तर घाबरून आमच्याकडे आले. म्हणाले, "फादर, हिचा थायरॉईड सतरापट वाढला जी!"

येथे पुष्कळांचा जो घोटाळा होतो तो सांगून टाकावा. थायरॉईड, म्हणजे मराठीत अवटू ग्रंथी, ही गळ्यात फुलपाखराच्या आकाराची, थोड्या ग्रॅम वजनाची ग्रंथी. तिच्यातून पाझरणाऱ्या द्रव्यावर शरीराची सारी चूल कमीजास्त पेटते. परंतु टीएसएच हे त्या ग्रंथीचे द्रव्य नव्हे. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे. बांधावर उभा असलेला मालक शेतातल्या गड्याला हाक मारतो ना, ती हाक म्हणजे टीएसएच, आणि गड्याचे काम म्हणजे टी-४ आणि टी-३. गडी नीट काम करीत असला तर हाक हळू असते. गडी ढेपाळला की मालक ओरडू लागतो. म्हणून टीएसएच जास्त याचा अर्थ थायरॉईडचे काम कमी, आणि टीएसएच कमी याचा अर्थ बहुधा थायरॉईडचे काम जास्त. शिवाय काम थोडे घटले तरी हाक कितीतरी पटींनी चढते. ६८ या आकड्याने मास्तरांचा धीर सुटला तो त्यामुळेच.

औषध साधे आणि स्वस्त. ग्रंथी जे द्रव्य करू शकत नाही तेच गोळीतून द्यायचे. १८९१ साली इंग्लंडमध्ये डॉ. जॉर्ज मरे यांनी अशाच एका थंड पडलेल्या, सुजलेल्या बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला आणि ती पुढे २८ वर्षे जगली. त्या ग्रंथीतील मूळ द्रव्य, थायरॉक्सिन, अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी शुद्ध स्वरूपात वेगळे केले तो दिवस होता २५ डिसेंबर १९१४, नाताळचा. मास्तरीणबाईंना नोव्हेंबरात ७५ मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. 'रोज सकाळी, उपाशीपोटी' एवढे तिला सांगण्यात आले. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला ती आली तेव्हा आम्ही म्हटले, "बाई, ईस्टरला तुझा आवाज ऐकायचा आहे आम्हांला."

जानेवारीत टीएसएच ४४. गोळी १०० ची झाली. मार्चात ३९. गोळी १५० ची झाली. तालुक्याच्या डॉक्टरांपुढे रांग मोठी आणि वेळ थोडा. ते मास्तरांना एवढेच म्हणाले, "गोळी पोटात जात नसावी. लक्ष ठेवा." तेवढ्यावर घरात वीज पडली. सासू म्हणाली, गोळ्या चुलीत टाकत असेल. मास्तर बिचारे मनाने सरळ, पण त्यांनाही संशय आला. ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "तुमचे ती ऐकेल, फादर."

तो प्रायश्चित्तकाळ होता. आम्ही तिला सभागृहात बोलावले, अहवाल तिच्यासमोर ठेवला आणि विचारले, "तू गोळी खरोखर घेतेस का?"

"रोज घेतो जी, फादर. एक दिवस चुकवला नाही."

आम्ही कागदावर बोट ठेवले. "मग हे काय सांगते? रक्त खोटे बोलत नाही."

ती गप्प राहिली. आम्ही आणखी चार वाक्ये बोललो: औषध न घेणे हाही देवाने दिलेल्या देहाचा अनादर आहे, नवऱ्याशी खोटे बोलू नये, वगैरे. व्यासपीठाची भाषा होती आणि आम्हांला ती सोपी जाते. ती उठली, आशीर्वाद घेतला आणि गेली. ईस्टरच्या मिस्साला ती मागच्या बाकावर बसली होती, गायनवृंदात नव्हती. मे महिन्यात पुन्हा तपासणी झाली, टीएसएच ३१. आमची खात्रीच पटली की बाई खोटे बोलते. सासूने तिला काही दिवस माहेरी पाठवण्याची भाषा सुरू केली, आणि 'काही दिवस' या शब्दांचा अर्थ गावात सर्वांना कळतो.

याच सुमारास आमचाही एक अहवाल आला. वर्षाकाठी नागपूरला आमची तपासणी होते, मधुमेह आणि रक्तदाब या वयाच्या सोबत्यांसाठी. या खेपेस थायरॉईडही पाहिले गेले. टीएसएच ०.०५, आणि टी-४ मर्यादेच्या पुष्कळ वर. म्हणजे गडी वेड्यासारखा राबतो आहे आणि मालकाने हाक मारणे जवळजवळ बंद केले आहे. अशा माणसाचे हात कापावेत, छाती धडधडावी, वजन उतरावे, घाम यावा. आमचे वजन दोन किलोंनी वाढले होते आणि आम्ही दुपारी गाढ झोपत होतो.

डॉक्टरांनी अहवाल पाहिला, नाडी पाहिली, हात पुढे करायला लावले, पुन्हा अहवाल पाहिला. मग कागद बाजूला ठेवून म्हणाले, "फादर, हा कागद आणि तुम्ही यांचे जमत नाही. दुसरे काही घेता का? एखादी गोळी, टॉनिक?"

आम्ही म्हणालो, "नाही. नेहमीच्याच दोन."

हे खोटे होते. आमच्या कपाटात एक बाटली होती. आखातात नोकरी करणाऱ्या नात्यातल्या एका मुलाने आणून दिलेली, केसांसाठीची. डोक्यावरचे वैभव झपाट्याने ओसरत होते आणि पन्नाशी उलटलेल्या धर्मगुरूला त्याचे वाईट वाटते हे सांगायची लाज वाटत होती. चार महिने आम्ही ती गोळी रोज, कोणाला न कळता, घेत होतो. डॉक्टर पुढची तपासणी लिहू लागले, मानेचे स्कॅन, आणखी प्रतिपिंडे. थायरॉईड दाबणाऱ्या औषधाचे नावही निघाले. तेव्हा आमचा धीर सुटला आणि आम्ही कबुली दिली. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या कबुल्या ऐकल्या, पण इतक्या क्षुल्लक गोष्टीची कबुली देणे इतके अवघड असते हे त्या दिवशी कळले.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारले, "त्यात बायोटिन आहे का?" बाटलीचे चित्र मुलाकडून मोबाईलवर मागवले. एका गोळीत १० मिलिग्रॅम बायोटिन. माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरते. म्हणजे आम्ही गरजेच्या तीनशेपटीहून अधिक गिळत होतो. त्याने शरीराचे काही बिघडत नाही, बिघडते ती तपासणी. अनेक प्रयोगशाळांत रक्तातील द्रव्य पकडून ठेवण्यासाठी बायोटिनच डिंकासारखे वापरलेले असते. बाकावर जागा राखून ठेवाव्यात आणि आगंतुकांनी येऊन त्या अडवाव्यात, तसे रक्तातले जादा बायोटिन त्या जागा अडवते. मग तपासणीच्या रचनेप्रमाणे टीएसएच खोटेच कमी दिसते आणि टी-४ खोटेच जास्त. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला होता. हृदयविकाराच्या एका महत्त्वाच्या तपासणीतही असा घोटाळा होऊन एक रुग्ण दगावल्याची नोंद त्यात होती. आम्ही गोळी आठ दिवस बंद केली आणि पुन्हा रक्त दिले. टीएसएच २.१, टी-४ योग्य. थायरॉईड जसे होते तसेच होते.

निघताना आम्ही सहज मास्तरीणबाईची गोष्ट काढली. १५० ची गोळी आणि तरीही ३१. डॉक्टरांनी लगेच हिशेब केला. किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ४५ किलोच्या बाईला ७५ च्या आसपास पुरायला हवे. मग विचारले, "गोळी ती कशाबरोबर घेते? गोळ्या कोठे ठेवते? आणखी काय चालू आहे?"

आम्हांला यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ठाऊक नव्हते. आम्ही तिला फक्त एकच प्रश्न विचारला होता, आणि तो प्रश्न नव्हताच, आरोप होता.

जूनच्या पहिल्या पावसात आम्ही सिस्टरांना घेऊन त्या गावी गेलो. मास्तरीणबाई अंगणात आली, पण तिने वर पाहिले नाही. आम्ही म्हणालो, "बाई, तू गोळी घेतेस हे आम्हांला मान्य आहे. कशी घेतेस ते दाखवशील?" तिने चुलीमागच्या फळीवरून पत्र्याची एक डबी काढली. तीत तीन तऱ्हेच्या गोळ्या एकत्र होत्या. थायरॉईडची, आशाताईने दिलेली रक्तवाढीची लोहाची, आणि कॅल्शियमची. रोज पहाटे उठून, उपाशीपोटी, ती तिन्ही एकदम घ्यायची, वर दुधाचा चहा. "एकही विसरू नये म्हणून एकत्र ठेवल्या जी," ती म्हणाली.

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. लोह आणि कॅल्शियम दोन्ही पोटात थायरॉक्सिनला धरून बसतात आणि ते रक्तात उतरू देत नाहीत. त्यांच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत किमान चार तासांचे अंतर हवे. शिवाय ही गोळी उष्णतेने आणि ओलीने निकामी होत जाते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि ही बाटलीतून काढून पत्र्याच्या डबीत, चुलीमागे ठेवलेली. बाईने एक दिवस चुकवला नव्हता. 'उपाशीपोटी' ही आज्ञा तिने अक्षरशः पाळली होती. तिला पुढचे वाक्य कोणी सांगितलेच नव्हते. रक्त खोटे बोलले नव्हते, तीही खोटे बोलली नव्हती. त्या दोन महिन्यांत खोटे बोललेला माणूस एकच होता, आणि तो झगा घालून तिच्या अंगणात उभा होता.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात एली याजकाची गोष्ट आहे. हन्ना मंदिरात मनातल्या मनात प्रार्थना करीत होती. ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. एलीने ते पाहिले आणि ती मद्य प्यायली आहे असे ठरवून तिला दटावले. त्याने जे पाहिले ते खरे होते, त्याचा त्याने लावलेला अर्थ चुकीचा होता. हा उतारा आम्ही सेमिनरीत अभ्यासला, कितीदा त्यावर प्रवचन केले. प्रत्येक वेळी आम्ही स्वतःला हन्नाच्या बाजूला उभे केले होते. एलीच्या जागी आपण उभे असू शकतो हे कधी मनात आले नाही. तथापि एलीचे एक मोठेपण आहे. हन्नाने खुलासा केला तेव्हा त्याने तिचे ऐकले आणि तिला आशीर्वाद देऊन पाठवले. आम्ही खुलासा ऐकूनही कागदावर बोट ठेवले होते.

आम्ही तिची क्षमा मागितली, मास्तर आणि सासू यांच्यासमोर, कारण आरोपही त्यांना ठाऊक होता. केसांच्या गोळ्यांची गोष्टही सांगितली. प्रथम मुलगी हसली, मग सासू हसली, आणि मग पदर तोंडाला लावून मास्तरीणबाईही हसली. डोळ्यांत पाणी होते, ते कशाचे हे विचारायचे धाडस आम्ही केले नाही.

गोष्ट येथे संपली असती तर बरे झाले असते. थायरॉईडची गोळी पहाटे पाण्याबरोबर आणि चहा पाऊण-एक तासाने, लोह आणि कॅल्शियम दिवसाउजेडीच्या पुढच्या जेवणांवर, असे सुरू झाले. ऑगस्टमध्ये तपासणी झाली तेव्हा टीएसएच ०.०८. आता गडी दुप्पट! तिची छाती धडधडू लागली होती, झोप उडाली होती. कारण उघड होते. न पोचणाऱ्या गोळीसाठी वाढवलेली मात्रा आता सगळीच्या सगळी पोचत होती. डॉक्टरांनी ती ७५ वर आणली, आणि आगमनकाळाच्या तोंडावर टीएसएच २.४ आला. घाई करून मधे तपासण्यात अर्थ नव्हता. या गोळीचा अर्धा अंश शरीरातून जायलाच सुमारे एक आठवडा लागतो आणि मालकाची हाक स्थिर व्हायला सहा ते आठ आठवडे.

आपल्या कुटुंबांतून ही गोळी घेणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत, म्हणून जे शिकलो ते सांगतो. अहवाल आणि माणूस यांचे जमत नसेल तर मात्रा आपण होऊन बदलू नये, डॉक्टरांपुढे दोघांनाही न्यावे, अहवालालाही आणि सर्व गोळ्यांच्या डबीलाही. केसांचे, नखांचे, ताकदीचे जे काही घेत असाल ते लाज न बाळगता सांगावे. चुकलेल्या गोळ्या तपासणीच्या आधीच्या दिवसांत भरून काढू नयेत. तसे केल्यास टी-४ चांगले दिसते आणि टीएसएच मात्र चढलेलेच राहते, व डॉक्टर गोंधळात पडतात. मोठ्या हिवतापात किंवा इस्पितळात पडून असताना हे आकडे ग्रंथी निरोगी असूनही हलतात. गर्भारपणात मर्यादाच वेगळ्या असतात, तेव्हा कळताक्षणी डॉक्टरांना सांगावे. आणि पहाटेच्या मिस्साला येणाऱ्यांनी निर्धास्त असावे, ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वीचा एक तासाचा उपवास पाण्याने व औषधाने मोडत नाही.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. युरोपात आल्प्स पर्वताच्या दऱ्यांत आयोडीन नसल्याने पूर्वी गलगंड फार, आणि थायरॉईडचे द्रव्य अपुरे पडल्याने खुरटलेली, मंदमती मुलेही फार. त्यांना तिकडच्या बोलीत जे नाव पडले ते पुढे शिवी झाले. परंतु त्या शब्दाचे मूळ 'ख्रिस्ती' या शब्दात आहे असे भाषाभ्यासक सांगतात. अर्थ असा की हाही आपल्यातलाच, हाही माणूस. ज्यांच्या देहाचा अर्थ कोणालाच लावता येत नव्हता त्यांना त्या डोंगराळ गावकऱ्यांनी आधी आपले म्हटले.

मास्तरीणबाईच्या फळीवर आता दोन डब्या आहेत, चुलीपासून दूर, एक पहाटेची, एक पुढच्या जेवणांची. थायरॉईडची बाटली झाकण लावून वेगळी. गेल्या नाताळात ती गायनवृंदात होती. आवाज अजून पूर्वीइतका वर चढत नाही, पण चढू लागला आहे. आमच्या कपाटातली बाटली आम्ही फेकून दिली. आणि कोणी घरचा माणूस अहवाल घेऊन आला की आम्ही आता तो लगेच हातात घेत नाही. आधी त्याला बसायला सांगतो.